तुम्ही संगीत का करता? (ऐकता का, ते नव्हे)

जवारी

गेल्या महिन्यात आईचा तानपुरा घेऊन मिरजेला गेले. सांगली-मिरज अंतर ते केवढं, पण रिक्षात मधोमध तो, कडेला मी, आणि प्रत्येक खड्ड्याला भोपळ्याखाली माझा हात. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तेवढी वर्षं तो तिच्याच जुन्या इरकलीच्या गवसणीत कपाटामागे उभा होता.

सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात नेला. नव्या तारा चढवायच्या होत्या, दोन खुंट्या सरकत होत्या आणि जवारी, म्हणजे तारेचा तो घोंगावत राहणारा नाद, पार गेली होती. तार छेडली की टण्ण वाजून विझायची. कारागीर साठीचे. त्यांनी गवसणी काढली, तबलीवर बोटाच्या पेरानं टकटक केली, भोपळ्याला कान लावला आणि म्हणाले, "जीव आहे." मग तारा टेकतात त्या घोडीच्या माथ्यावर बारीक कानस. दोन-चार हात फिरवायचे, तार चढवायची, छेडायची, तारेखालचं सूत केसभर पुढेमागे करायचं, ऐकायचं, परत तार उतरवायची. एकट्या खर्जाच्या, सगळ्यात खालच्या सुराच्या तारेला पाऊण तास लागला. मधेच मान वर न करता त्यांनी विचारलं, "ताई, गाता का?"

"हो," म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे, नाही."

"तसं नव्हे. कुणाच्या गळ्यासाठी लावायची ते सांगा. गळा कळला की जवारी किती खुली ठेवायची ते ठरतं."

त्यांचा प्रश्न कामाचा होता. पण "माझ्याच" एवढा एक शब्द बोलताना माझा घसा दाटून आला.

मी गायनाच्या मध्यमा पूर्ण परीक्षेपर्यंत शिकले. पुढच्या विशारद परीक्षेचा फॉर्म भरला त्याच वर्षी बँकेत लागले, मग लग्न, मुलगा, आईचं आजारपण. गाणं सोडलं असं कधी ठरवलं नाही, ते राहत गेलं. दोन वर्षांपूर्वी आईच्या ट्रंकेत एक वही सापडली. आजी जात्यावर म्हणायची त्या ओव्या आईनं लिहून ठेवलेल्या. फक्त शब्द. चाल कुठे लिहिणार? गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आई सात-आठ वर्षांची होती. जातं थांबलं तशा चालीही गेल्या, असंच मी धरून चालले.

त्या ओव्यांना मी चाली लावते. पहाटे पाच ते सहा, घर उठायच्या आधी. आतापर्यंत चौदा झाल्या. फोनवर रेकॉर्ड करून ठेवते. मुलानं एकदा ऐकल्या आणि म्हणाला, आई, यूट्यूबवर टाकू. मी नको म्हटलं. का नको, सांगता येईना. "मग करतेस कशासाठी?" असं त्यानं विचारलं. चिडून नव्हे, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मला स्टेज नको, परीक्षा नको, पैसे तर मिळणारच नाहीत. तरी एखाद्या पहाटे बसता आलं नाही की दिवसभर काहीतरी विसरून बाहेर पडल्यासारखं वाटतं. ऐकण्यानं ते भरून निघत नाही. किशोरीताई आमोणकर ऐकते, कुमारजी (कुमार गंधर्व) ऐकते, मन भरतं, पण ती जागा तशीच राहते. ती स्वतः करण्यानंच भरते.

इथे गाणारे, वाजवणारे, चाली बांधणारे बरेच आहेत. म्हणून विचारते. तुम्ही का करता? थोरांची वचनं नकोत, तुमचं स्वतःचं सांगा.

काळी_दोन

ताई, तुमचं वाचून झाल्यावर पेटी उघडली, अर्धा तास वाजवली आणि मग लिहायला बसलो.

मी चाळीस वर्षं साथ करतोय. गाण्याच्या बैठका, भजनं, कधी नाट्यसंगीताचे कार्यक्रम. नोकरी वेगळी होती, आता निवृत्त आहे. एकट्यानं वाजवायला बसलो तर माझं मन फार वेळ रमत नाही. माझं संगीत दुसऱ्याच्या गळ्यापाशी सुरू होतं.

पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. दोन सुरांच्या मधली जागा तिच्यापाशी नाहीच, पट्टी दाबली की तो सूर, सोडली की संपला. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, त्यामागे हाही एक आक्षेप होता. आक्षेप खोटा नाही. साथ करताना रोज त्याच्याशी गाठ पडते. गायिका गंधारावरून (ग) षड्जाकडे (सा) हळूहळू उतरायला लागली की माझ्यापुढे दोनच वाटा. मधले सूर वाजवून तिची मींड खरवडून टाकायची, नाहीतर बोट उचलायचं, भाता हलका करायचा आणि ती पोहोचेपर्यंत थांबायचं. ती षड्जावर टेकली की त्याच क्षणी खालून माझा षड्ज.

तो क्षण साधला तर श्रोत्यांना पेटी वाजली हेसुद्धा कळत नाही. गाणाऱ्याला कळतं. तिचा श्वास बदलतो, पुढची जागा ती जास्त निर्धास्तपणे घेते. आपण कुणाच्या तरी पायाखाली फळी सरकवली आणि त्यावर तिनं पाऊल टाकलं, असं मला वाटतं. मी त्यासाठी करतो. त्या दीड सेकंदासाठी रात्रीचे प्रवास केले, सुट्ट्या घालवल्या, सौभाग्यवतींची बोलणी खाल्ली.

तुमची पट्टी कोणती, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला सा धरून गाता? काळी चार असेल असं वाटतंय.

सायली_वाचते

वाचतेय. फार जवळचा विषय. सवडीने लिहिते.

ठेका

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट टोचली ती लिहितो. राग मानू नका.

मी तबलावादक आहे आणि तोच माझा व्यवसाय. दुसरी नोकरी नाही, शेती नाही. "पैसे नकोत, स्टेज नको, आनंदासाठी करते" हे वाक्य तुम्ही मनापासून लिहिलंय, मला शंका नाही. पण हेच वाक्य आम्हाला संयोजकांच्या तोंडून ऐकावं लागतं. "तुम्ही कलाकार मंडळी, तुम्हाला काय, वाजवायला मिळालं की आनंद." मंडपवाल्याचे पैसे आगाऊ जातात, स्पीकरवाल्याचे जातात, आणि आमच्या हातावर नारळ-शाल. मागच्या दिवाळीत एका पहाटेच्या कार्यक्रमासाठी साडेतीनला घर सोडलं. कार्यक्रम उत्तम झाला. पाकीट उघडलं तर येण्याजाण्याचं भाडंही निघालं नव्हतं.

मी तबला का वाजवतो? घरात चार माणसं आहेत म्हणून. वडील वाजवायचे, त्यांनी ही विद्या मला दिली आणि तीच माझी भाकरी आहे. हे कारण कमी प्रतीचं आहे असं मला मुळीच वाटत नाही.

दुसरं कारणही आहे. ते २०२० सालीच कळलं. मार्चनंतर सगळे कार्यक्रम गेले. फोनवरून शिकवण्या सुरू केल्या, पण आवाज इतका उशिरा पोहोचायचा की माझा धा आणि मुलाचा धा कधी एकत्र पडायचेच नाहीत. ऑगस्टमध्ये एक जोडी विकली. कातड्याची पुडी नवीन होती, वादी नुकतीच बांधून घेतली होती. विकून घरी आलो, उरलेली जोडी काढली आणि वडिलांनी शिकवलेला पहिला कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) ठाय, म्हणजे संथ लयीत वाजवत बसलो. तीन तास. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी ऐकत नव्हतं, पुढे काम मिळेल याची खात्री नव्हती. पोटासाठीच वाजवत असतो तर त्या दिवशी वाजवायचं कारणच नव्हतं.

तेव्हा दोन्ही खरं आहे. फक्त आनंदाच्या गोष्टी करताना ज्यांचं पोट यावर आहे त्यांनाही या धाग्यात जागा ठेवा.

जवारी

@ठेका, राग कसला. बरं झालं लिहिलंत. माझा पगार चालू होता म्हणून मला "पैसे नकोत" म्हणता आलं, हे लिहिताना डोक्यात यायला हवं होतं. ती विकलेली जोडी डोळ्यांपुढून जात नाही.

@काळी_दोन, बरोबर, काळी चार. पायाखालच्या फळीचं वाचून आमच्या क्लासातले पेटीवाले काका आठवले. मी बेसूर होत असले की ते माझ्याकडे बघायचे नाहीत, फक्त पंचम जरा जास्त वेळ धरून ठेवायचे.

कणकवलीकर

माझं कारण अगदी साधं. मी एकटा पडू नये म्हणून भजनात गेलो.

१९९४ ला मुंबईत आलो. लालबागला आमच्या गावकऱ्यांची खोली होती, एका खोलीत सतराजण. रात्रपाळीवाले दिवसा झोपायचे, दिवसपाळीवाले रात्री. मी एकोणीस वर्षांचा. कुणाशी बोलायचं कळत नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी मात्र ट्रंका भिंतीला लागायच्या, मधे पेटी आणि पखवाज, आणि बुवा गजर घ्यायचे. मला कोरसात बसवलं, हातात झांज दिली. पहिल्या दिवशी मागून कुणीतरी ओरडलं, "रे, झांज वाजय, नुसती धरू नको!" त्या खोलीत माझ्याशी कुणी मोठ्यानं बोललं ते पहिल्यांदाच. मला इतकं बरं वाटलं होतं.

पुढे लोकलमधल्या भजन मंडळात गेलो. तेवीस वर्षं त्याच गाडीचा तोच डबा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जागा ठरलेल्या असतात, टाळ एकाच्या पिशवीत, देवाचा फोटो दुसऱ्याच्या. पखवाज आणता येत नाही म्हणून डब्याच्या पत्र्यावर हातानं ठेका धरायचा. स्टेशनं ओळखीची असतात, अभंग कुठल्या स्टेशनाला संपवायचा ते अंगात भिनलेलं असतं. आमच्यातला एकजण सलग चार दिवस आला नाही तर पाचव्या दिवशी दोघं त्याच्या घरी जातात. २०११ मध्ये तो चार दिवस न आलेला माणूस मी होतो. वडील गेले होते, मी कुणाला कळवलं नव्हतं. दोघंजण पत्ता शोधत घरी आले. बसले, चहा घेतला, काही विचारलं नाही. निघताना म्हणाले, सोमवारी तुझी जागा रिकामी ठेवलीय.

आता मी डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला जातो, बुवांच्या मागे कोरसात. समोरच्या बुवांनी कोडं घातलं की आमच्या बुवांनी त्याच चालीत उत्तर बांधायचं, पहाटेपर्यंत चालतं. मला स्वतःला बुवा व्हायची इच्छा कधीच झाली नाही. वीस आवाजांत माझा एक आवाज मिसळला की मला पुरे.

पानसुपारी

@कणकवलीकर, रिकामी ठेवलेली जागा वाचून थांबले होते थोडा वेळ.

जवारीताई, थोरांची वचनं नकोत म्हणालात म्हणून वचन देत नाही, दोन आयुष्यांबद्दल लिहिते. तुम्ही तुमच्या मुलाला उत्तर देऊ शकला नाहीत, आणि मला वाटतं असं उत्तर बऱ्याच मोठ्या माणसांकडेही तयार नव्हतं.

अन्नपूर्णादेवी. मैहरच्या अलाउद्दीन खाँसाहेबांची मुलगी, सूरबहार (सतारीच्या जातीचं, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य) वाजवायच्या. १९५० च्या दशकानंतर जाहीर मैफल केली नाही. २०१८ साली मुंबईत गेल्या तोवर एवढ्या मोठ्या कलावतीची बाजारात एकही अधिकृत ध्वनिमुद्रिका नव्हती. घरी शिकवायच्या, बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया आणि सतारवादक निखिल बॅनर्जींसारखे शिष्य घडले. लोक याला त्याग म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. त्याग म्हटला की खरं संगीत मैफलीतच होतं आणि ते त्यांनी सोडलं, असा अर्थ होतो. त्यांचं संगीत त्या खोलीतही पूर्णच असेल.

दुसरे कुमार गंधर्व. क्षयानं एक फुप्फुस गेलं, देवासला येऊन राहिले आणि पाचेक वर्षं गाणं बंद. त्या काळात दारावरून जाणारे भजन गाणारे, माळव्यातल्या बायकांची गाणी ते ऐकत राहिले. त्या लोकधुनांतून पुढे त्यांचे धुनउगम राग आले. माझ्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट ही, की ज्या बायकांकडून ते घेतलं त्या बायका कुणासाठी गात होत्या? कुणाहीसाठी नाही. काम करता करता गात होत्या.

तुमच्या आजीचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एक लाख! श्रोता नाही, टाळी नाही, पहाटेचा अंधार आणि समोर बसली तर जाऊ किंवा नणंद. नवऱ्याला, सासूला, भावाला, विठ्ठलाला जे तोंडावर बोलता येत नव्हतं ते त्या जात्याला सांगत होत्या. तुम्ही पहाटे पाचला बसता, त्याही त्याच वेळेला बसत. मला वाटतं तुम्ही यूट्यूबला नको म्हणालात त्याचं कारण तिथेच आहे. ते बोलणं मुळात बाहेरच्या माणसाला उद्देशून नव्हतंच.

एक विचारू? आईपेक्षा मोठं कुणी आहे का घरात? गिरणी आली तेव्हा आई आठ वर्षांची असेल, पण त्या वेळी बारा-तेरा वर्षांची असलेली मुलगी जात्याला हात लावत असणारच. तिला चाल आठवू शकेल.

ठेका

पानसुपारी, तुम्ही छान लिहिता, पण मोठ्यांच्या गोष्टीतही पोट असतंच, ते गाळू नका. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. दरबारची नोकरी म्हणजे नोकरीच. त्याआधी तरुणपणी अतिगायनानं त्यांचा आवाज गेला होता. बसलेल्या, जड झालेल्या गळ्यातून नवीन गायकी उभी केली, तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतली. त्या वेळी गळा परत मिळवणं म्हणजे भाकरी परत मिळवणं होतं आणि गाणंही. दोन्ही वेगळं करून दाखवता येणार नाही.

पानसुपारी

मान्य. दरबारी गायकाला नोकरदार म्हणायचं मला कधी सुचलं नव्हतं.

झीरो_डीबी

मी बहुधा इथे सगळ्यात लहान. वय २३, नागपूर. मला राग ओळखता येत नाहीत, नोटेशन येत नाही. लॅपटॉपवर ट्रॅक बनवतो, त्यामुळे लिहू की नको असं वाटत होतं.

माझे आजोबा यवतमाळ जिल्ह्यात एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात कामाला होते. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की मशीन सुरू व्हायची. लहानपणी सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो. आत शिरलं की बोलणं ऐकू यायचं नाही. एकसारखी घरघर, तिच्यावर पट्ट्याचा फटक फटक आवाज, आणि मधेच सरकी पडण्याचा सळसळाट. आजोबा मशीनच्या आवाजावरून सांगायचे की आतला रोलर घासतोय.

ते गेल्यावर मी फोन घेऊन तिथे गेलो, मॅनेजरला विचारून चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग केलं. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा कळलं की पट्ट्याचा फटका समान अंतरावर पडतच नाही. दर सातव्या-आठव्या वेळी थोडा उशीर होतो. मी आधी सॉफ्टवेअरमध्ये सगळे फटके समान अंतराच्या रेघांवर (ग्रिडवर) ओढून सरळ केले. लगेच जीव गेला त्यातला. सगळं परत मागे घेतलं आणि तो उशीर तसाच ठेवून त्यावर बास बांधला. त्या एका ट्रॅकवर पाच महिने गेले.

अपलोड केला. सदतीस जणांनी ऐकला. खरं सांगतो, मी दिवसातून वीस-वीस वेळा आकडा बघायचो. पुढचा ट्रॅक बनवायला बसलो तर हात आधीच्यांपेक्षा "चालेल" अशा आवाजाकडे जायला लागला. मला ते आवडलं नाही. ॲप काढून टाकलं. आता बनवतो, एका फोल्डरमध्ये ठेवतो आणि दोन मित्रांना पाठवतो.

का करतो? आजोबांना ऐकू येत होतं ते मला ऐकू यावं म्हणून. एवढंच सुचतंय.

काळी_दोन

@झीरो_डीबी, नोटेशन येत नाही म्हणून बिचकू नका. सातव्या फटक्याचा उशीर तुमच्या कानानं पकडला आणि हातानं जपला. आम्ही ज्याला लयीचं अंग म्हणतो ते हेच.

ठेका

+१. तो ट्रॅक मला पाठवा. खरंच ऐकायचाय.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घराघरांत घुमट आरत्या होतात. मी घुमट वाजवतो. त्यामागची हकीकत सांगतो, कधी कुणाला सांगितलेली नाही.

चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगला समूहगीत होतं. शिक्षकांनी एकेकाजवळ कान नेऊन ऐकलं आणि मला म्हणाले, "तू नुसते ओठ हलव." मी ओठ हलवले. घरचे सगळे बघायला आले होते. घरी येताना आई म्हणाली, किती छान गायलास. त्यानंतर तीस वर्षं मी गायलो नाही. आरतीलाही मागे उभा राहून टाळ्या वाजवायचो.

अडतिसाव्या वर्षी, चवथीच्या तिसऱ्या दिवशी, वाड्यावरचे एक घुमटवाले आजारी पडले. काकांनी घुमट माझ्या गळ्यात अडकवलं. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी तोंड. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव कायद्यानं त्याला बंदी आहे, आता बकऱ्याचं लावतात. उजव्या हातानं कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्यानं उघडं तोंड झाकायचं, सोडायचं. तळवा सोडला की आवाज खोल जातो, थेट पोटात लागतो. शामेळ (ढोलासारखं वाद्य) आणि कांसाळें (झांजा) आधीच सुरू झाली होती, माझं चुकत होतं, काका नुसते मानेनं "चल, चल" करत होते. तिसऱ्या आरतीला हात बसला. आणि माझ्या लक्षात आलं की मी मोठ्यानं गातोय. कुणी थांबवलं नाही. त्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकूच येत नव्हतं.

२०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला तेव्हा वाड्यावर सगळ्यांना आनंद झाला. माझा आनंद थोडा वेगळा होता. ज्यानं माझा आवाज मला परत दिला त्याचा सत्कार झाल्यासारखा.

सायली_वाचते

सवडीने लिहिते म्हणाले होते, पण मांडवीकाठ यांचं वाचल्यावर माझं लिहवत नाही आज. पाचवीत मलाही असंच मागच्या रांगेत उभं केलं होतं.

बंद_सतार

मी सोडलं, त्याबद्दल लिहिलं तर चालेल ना.

अठरा वर्षं सतार. डाव्या हाताच्या तर्जनीच्या शिरेला इजा झाली, शस्त्रक्रिया झाली, बोट वाकतं पण तार ओढली जात नाही. मींड गेली म्हणजे सतार गेली. सहा वर्षं झाली. लोक म्हणतात, ऐकत जा, शिकवत जा. शिकवते. पण शिकवताना मुलीचं बोट चुकलं की माझं बोट आपोआप हवेत सरकतं आणि मग मला खोलीबाहेर जावं लागतं.

तुम्ही "ती जागा तशीच राहते" असं लिहिलंत, ते मला कुणीतरी पहिल्यांदा बरोबर सांगितलं. मी रियाज का करायचे हे करत असताना कधी कळलं नव्हतं. आता कळतं. दिवसभरात एक तास असा होता जिथे मी कुणाची कुणी नव्हते.

जवारी

@बंद_सतार, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. सल्ला द्यायची माझी पात्रता नाही. एवढंच सांगते, तानपुऱ्याला मींड लागत नाही, मोकळ्या तारा असतात, एका हाताची दोन बोटं पुरतात. सांगलीच्या आसपास असाल तर एखाद्या पहाटे या. मी गाईन किंवा गाणार नाही, तुम्ही नुसता छेडत बसा. मला खरंच आवडेल.

बंद_सतार

कोल्हापूरला असते. पहाटे पाच जमणार नाही, पण रविवारी सहाला पोहोचेन. व्यक्तिगत निरोप करते.

जवारी

तीन आठवड्यांनी परत येतेय. पानसुपारी, तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यात होता. मोठी मावशी आहे, जतजवळ एका गावात. वय ८६. तिला मी आजवर गाण्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. ती कधी भजनातही बसत नाही, त्यामुळे तिला काही येत असेल असं वाटलंच नाही.

रविवारी फोन केला. म्हटलं, मावशी, आजीची ती भावाची ओवी आठवते का गं. जरा वेळ काही आवाजच नाही, मला वाटलं फोन कटला. मग तिकडून गायला सुरुवात झाली. बारीक, थरथरता आवाज, पण सूर पक्का. मी त्या ओवीला भैरव रागाच्या अंगानं, संथ चाल लावली होती. मावशीची चाल तशी अजिबात नाही. तीन-चार सुरांतच फिरते, चरण संपतो तिथे एक हेल निघतो आणि त्याच दमात पुढची ओळ. तिला विचारलं, हेल तिथेच का? म्हणाली, "अगं, खुंटा पुढं गेला की दम लागतो, जवळ आला की सुटतो." म्हणजे हाताच्या फेऱ्यावरच चाल बांधलेली होती. मी पाटावर बसून चाली शोधत होते, मला कशी सापडणार.

मग ती म्हणाली, आता तुझी म्हण.

मी म्हटली. फोनवर, स्वयंपाकघरात उभी राहून, तानपुऱ्याशिवाय. संपल्यावर म्हणाली, "ही आपली न्हवं. पर म्हन, चांगली हाय." आणि मग विचारलं, "धाकटीनं ऐकली का?" धाकटी म्हणजे माझी आई. मावशीला ती नऊ वर्षांपूर्वी गेलेली ठाऊक आहे. तिनं असं का विचारलं, मी विचारलं नाही. मी "हो" म्हटलं.

येत्या मंगळवारी रजा टाकून तिच्याकडे जातेय. वहीतल्या सगळ्या ओव्या तिच्याकडून म्हणवून घ्यायच्यात. तानपुरा नेणार नाही, तिच्या गाण्याला तो नकोच. बंद_सतार बरोबर येतायत. गेले दोन रविवार आम्ही एकत्र बसलो. फोनवर रेकॉर्ड करणार आहे. @झीरो_डीबी, नीट कसं करायचं सांगाल का? परत संधी मिळेलच असं नाही.

ठेका

जात्याचा एक फेरा आणि ओवीचा एक चरण, याचं गणित काय बसतं तेवढं बघून या. फेरा सारखा राहतो की ओढतो? मला त्या लयीत काहीतरी वाजवून बघायचंय. कार्यक्रमासाठी नव्हे.

झीरो_डीबी

ताई, लिहून घ्या.

फोन आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा, जागा मोकळी करा, आणि सुरू करण्याआधी एअरप्लेन मोडवर टाका. फोन जमिनीवर किंवा फरशीवर ठेवू नका, दुमडलेल्या सतरंजीवर किंवा उशीवर ठेवा, मावशींच्या तोंडापासून हातभर अंतरावर, जरा बाजूला. अगदी समोर ठेवला तर श्वासाचे फटके येतील. पंखा बंद. शक्य असेल तर पहाटेच करा, तेव्हा रस्त्याचा आवाज नसतो. त्या सुरू करण्याआधी अर्धा मिनिट कुणीच काही बोलू नका, नुसता खोलीचा आवाज येऊ द्या. नंतर खरखर काढायची झाली तर तो कामाला येतो. मधे चुकल्या, खोकल्या, बोलल्या तरी बंद करू नका, सलग चालू ठेवा. दोन फोन असतील तर दुसरा चार हातांवर ठेवा.

घरात जातं आहे का अजून? असेल तर त्यांना फिरवत म्हणू द्या, खुंट्याला तुम्ही दोघी हात लावा. पण रिकामं फिरवू नका, दगडावर दगड घासून आवाज कर्कश येईल आणि त्यांचा आवाज खाली दबेल. काहीतरी दळायला घाला.

जवारी

जातं आहे. परसात पालथं पडलंय, मावशीचा नातू धुऊन आत आणून ठेवतो म्हणालाय. दोन किलो ज्वारी घेऊन जाते.